पेशंट उचलताना सगळ्यांनी ओरडू नका

नमस्कार मंडळी. मी १०८ च्या ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे, पण आज औषधाबिषधाचं काही सांगत नाही, पेशंट उचलायचा कसा एवढंच बोलणारे. लोकांना वाटतं त्यात काय एवढं, चार जण जमले की झालं. अहो, चार जण जमले की घोळ चौपट, कारण चौघंही एकाच वेळी ओरडत असतात, इकडून धर, तिकडून धर.

म्हणून डोक्याकडे जो असेल त्याचंच ऐकायचं, बाकीच्यांनी गप्प. आणि एक दोन तीन म्हणायच्या आधी ठरवा, तीनला उचलायचं की तीन म्हणून झाल्यावर. हसू नका, एक बाजू आधी वर गेली की पेशंट घसरलाच म्हणून समजा.

शहरात खरी परीक्षा जिन्यात. डोंबिवली, ठाण्यातल्या जुन्या चार मजली बिल्डिंगी, लिफ्ट नाही, वळणावर स्ट्रेचर फिरतच नाही, आणि छातीत कळा येणारे काका नेमके वरच्या मजल्यावर. घरचे म्हणतात, चालतील हो ते हळूहळू. नाही, चालवायचं नाही, तेवढ्यानेही हृदयावर ताण येतो. शुद्धीवर असतील, कुठे पडलेबिडले नसतील तर खुर्चीत बसवून आणायचं. खुर्ची लाकडी नाहीतर लोखंडी बघा, प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय फाकतात, चाकांची तर अजिबातच नको. ओढणीने छातीशी आणि मांड्यांशी बांधा आणि हात मांडीवरच ठेवायला सांगा, कारण घाबरून माणूस कठडा पकडतो आणि सगळी वरात मध्येच अडकते. तोंड उतरणीकडे, खुर्ची मागे थोडी कललेली, एक जण पाठीमागून, एक पुढून. पुढचा बिचारा उलटा उतरतो, त्याच्या पाठीला हात लावून पायऱ्या सांगायला तिसरा हवाच.

स्वतःची कंबरही सांभाळा हां. गुडघ्यात वाका, वजन अंगाशी धरा, वळायचं तर पावलं वळवा, कमरेत पिळू नका.

रस्त्यावरच्या अपघाताचं गणित वेगळं. तिथे हातपाय धरून जखमीला रिक्षात कोंबतात, मान लोंबकळत असते, आणि मानेचा मणका मोडला असेल तर तेवढ्याने मज्जारज्जू दुखावून माणूस कायमचा लुळा पडू शकतो. आग किंवा अंगावर येणारी वाहनं असा धोका नसेल तर जागचं हलवू नका, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ लावा. ओढावंच लागलं तर खांद्याजवळचे कपडे धरून डोक्याच्या दिशेने सरळ ओढा, हाताला धरून आडवंतिडवं नाही. उलटी झाली तर मान, खांदे, कंबर एकदमच कुशीवर वळवा. पोलिसांच्या लफड्याची भीती वाटते ना, तर २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलंय, चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे.

आणि फोन कराल तेव्हा मजला सांगा, लिफ्ट आहे का, त्यात स्ट्रेचर मावतो का, पेशंटचं वजन अंदाजे किती, लाजू नका. गाडीवर आम्ही दोघंच, एक मी आणि एक पायलट, म्हणजे आमचा ड्रायव्हर, तेव्हा शेजारची दोन तगडी पोरं आधीच हाक मारून ठेवा आणि एकाला खाली गेटवर उभं करा.