शब्द टाकण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी मला साठ वर्षं पूर्ण झाली. घरच्यांनी एकसष्टीचा घाट घातला, तेव्हा मी म्हटलं, हॉल नको आणि जेवणावळही नको. महिनाभर मी रोज एक पत्र लिहीन, शाळेत शिकवलेल्या दिवसांबद्दल. ओळखीच्या सगळ्यांना ते मोबाइलवर पाठवीन. ज्याला आवडेल त्याने एका चांगल्या संस्थेला 100 रुपये द्यावेत. पत्रांचं काही अडलं नाही. अडलं ते संस्था निवडताना.

आपल्या खिशातून देताना आपण फार विचार करत नाही. दारात कुणी पावतीपुस्तक घेऊन आलं की पन्नास-शंभर काढून देतो. पण दुसऱ्याला ‘तुम्हीही द्या’ म्हणायचं म्हणजे आपण शब्द टाकलेला असतो. आमच्या शाळेतल्या शिपाईताई निव्वळ ‘बाईंनी सांगितलंय’ म्हणून पैसे देणार. त्यांचे 100 रुपये माझ्या हजारांपेक्षा मोठे आहेत.

आनंदवन, हेमलकसा ही नावं सगळ्यांनीच सुचवली. 1973 पासून हेमलकशाच्या जंगलात चाललेल्या लोकबिरादरी प्रकल्पाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण मला अशी एखादी जागा हवी होती जिथे एसटीने जाऊन स्वतः बघता येईल आणि पुन्हा पुन्हा जाता येईल. ‘लोकसत्ता’ 2011 पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमात संस्थांची ओळख करून देतो. त्याची कात्रणं माझ्याकडे आहेत. ती पुन्हा वाचताना वाटलं, बातमीदार जर जागेवर जाऊन, माणसांशी बोलून लिहितो, तर मी घरात बसून का ठरवू?

पहिल्या संस्थेत भिंतभर सत्काराचे फोटो होते. हिशोब मागितला तर म्हणाले, “ताई, ते सगळं ऑडिटरकडे असतं.” कोठीत दप्तरांचे गठ्ठे पडले होते, प्रत्येक दप्तरावर देणगीदाराचं नाव छापलेलं. कित्येकांचे पट्टे उंदरांनी कुरतडले होते. मी चहा घेतला आणि निघाले.

दुसरी जागा बीड जिल्ह्यातली, ऊसतोड मजुरांच्या मुलांचं वसतिगृह. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तिथे ‘कोयता’ म्हणतात. पोरं बरोबर गेली की सहा महिने शाळा सुटते. मोठी मुलगी असेल तर उसाच्या फडातल्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्याला सांभाळत बसते. गावातच पोटभर जेवण आणि निजायला जागा मिळाली तर ती शाळेत राहते. इतकी साधी गोष्ट आहे ही.

तिथल्या ताईंनी न मागता नोंदवही पुढे ठेवली. दूध, ज्वारी, गॅस, रोजची हजेरी, सगळं पेनाने आखलेल्या रकान्यांत. शेवटचा रकाना ‘थकबाकी’. मी विचारलं, “तुम्हाला कमी काय पडतं?” त्या थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, “वह्या येतात, खाऊ येतो. वाढदिवसाला लोक गोडाचं जेवणही देतात. पण स्वयंपाकाच्या मावशींचा दोन महिन्यांचा पगार राहिलाय. पगारासाठी कुणी देत नाही हो.”

श्रोतेहो, हे मला फार लागलं. ‘आमचे सगळे पैसे थेट मुलांनाच मिळाले पाहिजेत’ असं मीही आजवर म्हणत आले होते. अहो, पहाटे पाचला उठून 40 पोरांच्या भाकरी थापणारी बाई म्हणजे मुलांनाच मिळालेले पैसे नाहीत तर काय? संस्था माणसांवर चालते, आणि त्या माणसांनाही घर आहे.

कागद मी तरीही पाहिले. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, देणगीदाराला करसूट मिळवून देणारं 80जीचं प्रमाणपत्र. नव्या करप्रणालीत असाल तर देणगीवर करसूट मिळत नाही, हे मी पहिल्याच पत्रात सांगून टाकलं. पैसे मात्र माझ्या खात्यात एक रुपयाही घेतले नाहीत. सार्वजनिक वर्गणी गोळा करायला गणेश मंडळांनासुद्धा परवानगी घ्यावी लागते. शिवाय थेट संस्थेच्या खात्यात भरले की पावती ज्याच्या त्याच्या नावाने येते.

अमेरिकेतला भाचा लगेच पाठवायला निघाला होता. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, म्हणजे त्याचे पैसे परकीय देणगी ठरतात. त्यासाठी संस्थेकडे केंद्रीय गृहमंत्रालयाची नोंदणी लागते आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. या छोट्या संस्थेकडे ते नाही. त्याला मी महाराष्ट्र फाउंडेशनची वाट दाखवली. अमेरिकेतली मराठी मंडळी 1978 पासून तिच्यामार्फत इकडच्या कामांना मदत करत आली आहेत.

पत्रांमध्ये मी स्पष्ट लिहिलं, हे पैसे मावशींच्या पगाराचे आहेत. दोघा-तिघांनी नाक मुरडलं. बाकीच्यांनी दिले, आणि महिन्याअखेर साडेएकेचाळीस हजार जमले.

फेब्रुवारीत पुन्हा गेले होते. मावशी चुलीपुढे होत्या, हात पिठाने भरलेले. मला बघून नुसत्या हसल्या आणि एक भाकरी माझ्यासाठी बाजूला काढली. ताईंनी नोंदवही उघडली. मावशींच्या नावापुढे थकबाकीच्या रकान्यात एक आडवी रेघ होती.