ऐंशीनंतरची एकादशी

नमस्कार श्रोतेहो.

घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असलं की दर पंधरवड्याला एक वाद ठरलेला. "आई, आता उपवास पुरे," असं मुलगा म्हणतो. "इतकी वर्षं केला, शेवटी शेवटी मोडू का?" असं आई विचारते. मग ती हट्टी ठरते, तो नास्तिक ठरतो आणि फराळ निमूटपणे उरकला जातो. खरं तर दोघंही एकाच गैरसमजात असतात. उपवास म्हणजेच श्रद्धा, असं दोघांनीही धरलेलं असतं.

वयाबरोबर श्रद्धा बदलतेच. पाच-सहा वर्षांच्या पोराचा देव वरून बघत असतो आणि खोटं बोललं की त्याला कळतं. परीक्षेच्या वयात त्याच देवाशी नारळाचा व्यवहार होतो. विशीत प्रश्न पडतात, तिशी-चाळिशीत बारसं, वास्तुशांत, कुळाचार यांत देव घराचा होतो. साठीनंतर हाताशी वेळ येतो आणि मागणं कमी होतं. पण म्हातारपण आलं की माणूस आपोआप भाविक होतो, हे म्हणणं अर्धंच खरं. आजची ऐंशीची पिढी तिशीतही तितकीच भाविक होती, कारण तिचं बालपणच तिन्हीसांजेच्या परवच्यात गेलं. आज तिशीत असलेले लोक ऐंशीला तसेच होतील, याची खात्री कोणी देऊ नये.

बदलतं ते मन आणि थकतं ते शरीर. नेम मात्र चाळिशीतल्या शरीराला बेतलेला असतो. खरी अडचण तिथे आहे.

आपल्या परंपरेला ही अडचण ठाऊक होती. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्याय यांनी 1790 मध्ये 'धर्मसिंधु' पुरा केला. आजही पंचांगाचा निर्णय अडला की तो उघडतात. त्यात एकादशीच्या उपवासाचा अधिकार आठ वर्षांच्या पुढे आणि ऐंशीच्या आत, असा सांगितला आहे. ज्याला निराहार झेपत नाही त्याला फळं, दूध, एकभुक्त म्हणजे दिवसातून एकदाच जेवणं, असे पायऱ्या उतरत जाणारे पर्याय आहेत. अगदीच अशक्त माणसासाठी मुलानं किंवा जोडीदारानं प्रतिनिधी म्हणून उपवास करावा, हीही सोय आहे. व्रतांविषयीचं एक जुनं वचन तर आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं सांगतं. पाणी, कंदमुळं, फळ, दूध, हविष्य (होमाला चालणारं साधं अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि आठवं औषध. सकाळची गोळी घेतली तर उपवास मोडेल का, या प्रश्नाचं उत्तर इतकं जुनं आहे. शिवाय प्रत्येक व्रताला उद्यापन आहे. मंगळागौर पाच वर्षं पुजून तिचं उद्यापन करतात, सोळा सोमवार सतराव्या सोमवारी संपतात. व्रत कधीतरी सन्मानानं संपवायचं असतं, हे त्यात गृहीतच आहे. शेजारच्या घरातही हेच दिसेल. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक माणसावर उपवासाचं बंधन 18 पासून साठावं वर्ष लागेपर्यंतच असतं. रमजानचे रोजे वार्धक्यामुळे झेपत नसतील तर रोज एका गरिबाला जेवू घालणं, म्हणजे फिदिया, पुरेसा धरला जातो.

तरीही अनेकांना उपवास सोडवत नाही, आणि त्यांच्यावर जबरदस्ती करून काही साधत नाही. तेव्हा तो नीट कसा करायचा ते पाहू.

पहिली गाठ औषधांशी. मधुमेहात ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पोट रिकामं राहिलं, तर साखर 70 च्या खाली उतरू शकते. तरुण माणसाला अशा वेळी घाम फुटतो, थरथर होते. म्हाताऱ्या माणसात हे नेहमी दिसत नाही. ते गप्प होतं, असंबद्ध बोलतं, पेंगतं. त्यातून रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी, चालू असेल तर धडधडही जाणवत नाही. घरचे म्हणतात, उपवासाचा थकवा आहे, पडू द्या. इथेच घात होतो. ताबडतोब ग्लुकोमीटर लावावा. साखर 70 च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, कमीच असेल तर तेवढीच पुन्हा द्यावी आणि सुधारल्यावर काहीतरी खायला घालावं. या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना कळवावंच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. डोस कमी करणं, वेळ बदलणं हे उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. स्वतःच्या मनानं गोळी चुकवणं तितकंच वाईट.

दुसरी गाठ ताटाशी. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, आणि मधुमेह्याच्या बाबतीत ते फार महागात पडतं. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण 87 ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. एका माणसाच्या खिचडीला 70-75 ग्रॅम साबुदाणा लागतो, म्हणजे चार फुलक्यांइतकं पिष्ट, वर बटाटा वेगळाच. साखर दोन तासांत चढते. त्यापेक्षा सकाळी कपभर दुधात वाटीभर राजगिऱ्याच्या लाह्या, दुपारी वाटीभर शिजवलेली भगर, दाण्याची आमटी, दही आणि काकडीची कोशिंबीर, चारच्या सुमारास पेरू किंवा पपईच्या फोडी, रात्री थोडं उकडलेलं सुरण नि ताक. पोट भरतं, प्रथिनं मिळतात आणि दुसऱ्या दिवशी पोटही साफ होतं. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल तर बटाटा, रताळं, नारळपाणी यांतलं पोटॅशियम बाधू शकतं, तिथे हा बेत डॉक्टरांना दाखवूनच करावा. आणि हो, शेंदेलोण म्हणजेही मीठच. उपवासाचं म्हणून रक्तदाबवाल्यांनी त्यात हात सैल सोडू नये.

भगरीबद्दल एक इशारा. नवरात्रात आणि मोठ्या एकादशांना, विशेषतः मराठवाड्यात, भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. ओलावा धरलेल्या धान्यावर, त्याहून जास्त त्याच्या पिठावर बुरशी वाढते आणि तिचं विष भाकरी भाजूनही जात नाही. उलट्या, चक्कर, हातापायांना कंप सुटतो. सुटं पीठ घेऊच नका. पाकीटबंद भगर आणा, तारीख बघा, निवडून, धुऊन, कडकडीत वाळवून त्या दिवसापुरतीच दळा.

निर्जळी तर सत्तरीनंतर नकोच. वयानं तहानेची जाणीव बोथट होते, त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी कमी पडतं, रक्तदाब उतरतो. मग साष्टांग नमस्कार घालून झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस देवघरातच पडतं. देव्हारा कमरेच्या उंचीवर घ्यावा, पूजा खुर्चीवर बसून करावी, अभिषेकाचं पाणी लगेच पुसावं. खुर्चीवरची पूजा कमी प्रतीची होत नाही. वारकऱ्यांकडे बघा. दर्शनाची रांग झेपली नाही तर नामदेव पायरीला माथा टेकून, कळसाला हात जोडून ते परततात आणि वारी पोचली असं मानतात. पायांनी साथ सोडली की घरातली वारी मुलाकडे जाते.

आता जरा अवघड भाग. काही म्हातारी माणसं देवावर रुसतात. जोडीदार गेला, मुलगा गेला की दिवा लावणं थांबतं. "मी कोणाचं काय वाईट केलं होतं?" हा प्रश्न येतो. अमेरिकेत 55 च्या पुढच्या, रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. देवानं आपल्याला टाकलं, ही शिक्षाच आहे, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अधिक आढळलं. एका अभ्यासावरून कारण सिद्ध होत नाही, पण हा रुसवा हसण्यावारी नेऊ नये एवढं नक्की. अशा वेळी "देव करतो ते बऱ्यासाठीच" हे वाक्य कृपा करून बोलू नका. गेलेल्या माणसाबद्दल विचारा, त्याचं नाव घ्या, ऐकून घ्या. झोप, भूक, बोलणं दोन आठवड्यांहून जास्त काळ मंदावलेलं दिसलं तर ते नैराश्य असू शकतं, त्याला औषध आहे.

आणि विसरभोळेपणाचा आजार जडला तर? कालचं जेवण आठवत नाही, नातवाचं नाव आठवत नाही, पण लहानपणी चालीवर पाठ केलेली आरती बऱ्याचदा शाबूत असते. तिचा उपयोग करून घ्यावा. आवाज खाली ठेवून पहिली ओळ तुम्ही म्हणा आणि थांबा. दहा-पंधरा सेकंद वाट बघा, आठवायला वेळ लागतो. पुढची ओळ आली तर सोबत म्हणा. कडवं चुकलं, दोनदा आलं तर दुरुस्त करू नका, आणि "सांग बघू पुढे काय" अशी परीक्षा तर मुळीच घेऊ नका, तेवढ्यानं माणूस बिथरतं. वेळ शक्यतो सकाळची ठेवा. संध्याकाळी अशा रुग्णांचा गोंधळ वाढतो, हलत्या ज्योतीच्या सावल्यांनी भीतीही वाटते. निरांजन त्यांच्या हाती एकट्यानं देऊ नका, पदराचं किंवा शालीचं टोक पेटायला वेळ लागत नाही. टाळ द्या, चालेल.