पडद्यावरचं ॲव्हरेज

(दृश्य: रोलरवर ट्रकची मागची चाकं, चारही बाजूंनी पट्टे आवळलेले. इंजिनाचा आवाज चढत जातो.)

ट्रक जागचा हललेला नाही, चाकं मात्र सुसाट आहेत. याला डायनो म्हणतात. रोलरवर चाकांचा जोर किती पडतो ते मोजून इंजिनाच्या ताकदीची रेष पडद्यावर उमटते. खालची रेष ट्रक कंपनीतून आला तेव्हाची. वरची, आज सकाळी इंजिनाच्या वायरीत लावलेल्या इलेक्ट्रॉनिक डबीनंतरची. डबी तळहातावर मावेल एवढी. पिकअप वाढतो, हे तर दिसतंच आहे. विकणारा पुढे म्हणतो, ॲव्हरेजही वाढतं.

(दृश्य: इंजेक्टर तपासायचं बेंच. काचेमागे फवारे.)

इथे जरा थांबू. हे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल शिंपडणारे भाग. काचेमागे धुक्यासारखं दिसतंय ते खरं तर तपासणीचं तेल. इंजिनात याच जागी डिझेल असतं. नोझलच्या टोकाची ही छिद्रं मिलिमीटरच्या एक-दोन दशांश भागाएवढी. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं त्या इंजिनात, त्यामागे 2000 बारच्या आसपास दाब असतो. बेंचवरचे मिस्त्री फवाऱ्याकडे बघूनच सांगतात, नोझल चांगलं की गेलेलं. एक फवारा जाड आहे, दिसला? ते थेंब नीट जळणार नाहीत. ताकदीच्या हौसेपायी छिद्रं मोठी करून घेतात तेव्हाही बऱ्याचदा हेच होतं.

डिझेल इंजिन हवा मोजून घेत नाही. येईल तेवढी हवा आत घेतं. ताकद ठरते ती किती डिझेल शिंपडलं यावर. म्हणजे ताकद वाढवायची सोपी वाट एकच, जास्त डिझेल. आणि त्यातूनच ॲव्हरेज वाढणार!

1897 मध्ये रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाने इंधनातली साधारण 26 टक्के ऊर्जा कामाला लावली. आजचं चांगलं ट्रक इंजिन 40 च्या वर जातं. मधल्या सव्वाशे वर्षांत पिढ्यान्‌पिढ्या इंजिनिअर खपले. ही डबी बसवायला लागली पाच मिनिटं.

(दृश्य: लॅपटॉप, केबल, आलेखाचे रंगीत चौकोन.)

रिमॅपिंगची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅमच बदलण्याची, गोष्ट थोडी वेगळी. इथे डिझेल कधी शिंपडायचं, ती वेळही बदलता येते. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी राहावेत म्हणून कंपन्या अनेकदा ही वेळ जरा उशिराची ठेवतात. ती किंचित अलीकडे आणली की तेवढ्याच डिझेलात थोडं जास्त काम होतं. हा फायदा खरा आहे. चढावर जोर जास्त मिळाला तर गिअर उतरवावा लागत नाही, इंजिन कमी फेऱ्यांत राहतं, तोही खरा. पण दोन्ही थोडे. आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, ते कॅमेऱ्यात दिसत नाहीत.

(दृश्य: ट्रक चढ चढतो. सायलेन्सरमधून काळा लोट.)

हे मात्र दिसतं. हा लोट म्हणजे पुरती हवा न मिळाल्याने अर्धवट जळलेलं डिझेल. पैसे देऊन भरलेलं, आणि चाकापर्यंत न पोचलेलं. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो मोठा बसवला तर हवा वाढते, पण तो वेग घेईपर्यंत धूर निघतोच. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलं. शिवाय पिस्टन आणि टर्बोला सोसावी लागणारी उष्णता वेगळीच.

(दृश्य: मोकळा रस्ता. स्पीडोमीटर 80 वरून 100 कडे.)

ताकद हाताशी आली की पाय जड होतो. 80 ऐवजी 100 ने गेलं तर हवेचा विरोध दीडपटीहून वाढतो, तो कापायला लागणारी ताकद जवळपास दुप्पट. डिझेल शिंपडायची वेळ बदलून जे काही वाचलं असेल, ते इथे निघून जातं.

(दृश्य: डॅशबोर्ड जवळून. ॲव्हरेजचा आकडा.)

मग ड्रायव्हर शपथेवर सांगतो की ॲव्हरेज वाढलं, त्याचं काय? तो खोटं बोलत नाही. डॅशबोर्डवर तसंच लिहिलेलं आहे.

डबी बसते रेल प्रेशर सेन्सरच्या वायरवर. रेलमध्ये असलेला दाब ती गाडीच्या कॉम्प्युटरला कमी सांगते. कॉम्प्युटर बिचारा दाब वाढवतो. इंजेक्टर पूर्वीएवढाच वेळ उघडतो, पण वाढलेल्या दाबाने डिझेल जास्त जातं. कॉम्प्युटरच्या वहीत मात्र जुन्या दाबाचाच हिशेब लिहिला जातो. ॲव्हरेज काढलं जातं ते या वहीवरून.

म्हणून आम्ही टाकी काठोकाठ भरली, रोजचाच माल लादला, रोजच्याच रस्त्याने गेलो, आणि त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा काठोकाठ भरली. डबी न लावता एकदा, लावून एकदा.

(दृश्य: पंपाचं मीटर पळतं आहे. मग थांबतं. मग डॅशबोर्ड. मग ड्रायव्हरचा चेहरा.)

डबी लावल्यावर डॅशबोर्डवरचा आकडा वाढला. पंपावरचाही.