घोडा नाही, तलाव नाही

(दृश्य: काळा घोडा, सकाळची वेळ)

हा घोडा नवा आहे, २०१७चा. पाठ मोकळी आहे, बघा. जुन्या घोड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स बसला होता, पुढचा राजा सातवा एडवर्ड. अल्बर्ट ससून यांनी दिलेला तो पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला. पण मुंबईकरांनी राजाकडे फारसं पाहिलंच नाही. त्यांना दिसला घोडा, तोही काळा. १९६५ मध्ये पुतळा उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. नाव मात्र जागचं हललं नाही. घोडा नसताना पन्नास वर्षं लोक टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’च सांगत राहिले. शेवटी नावासाठी घोडा आणावा लागला. राजाला कुणी बोलावलं नाही.

(दृश्य: धोबी तलाव, सिग्नलला थांबलेली गर्दी)

इथं तलाव शोधू नका, तो पायाखाली आहे. धोबी इथं कपडे धूत. फ्रामजी कावसजी बनाजी यांनी पदरचे पैसे घालून तो नव्यानं बांधून घेतला. पुढे तो बुजवला. फ्रामजींच्या नावाची इमारत कोपऱ्यावर आहे, पाणी फक्त नावात.

(दृश्य: गिरगावातल्या पाट्या, एकापाठोपाठ)

फणसवाडी. कांदेवाडी. केळेवाडी. बोरभाट. मुगभाट. पिशवी घेऊनच निघायला हवं होतं! भाट म्हणजे लागवडीची जमीन; कोकणात, गोव्यात बागायतीला अजून भाटच म्हणतात. पालिकेच्या पाटीवर ‘डॉ. भालेराव मार्ग’ आहे. साहित्य संघात नाटकाला आलेला माणूस मात्र पानवाल्याला विचारतो, ‘केळेवाडी कुठं हो?’ आणि पानवाला चुना लावता लावता, मान वर न करता, बोट दाखवतो.

चाळी पडतायत, टॉवर उठतायत. टॉवरांना कांदेवाडी चालत नाही.

(दृश्य: भुलेश्वरची गल्ली, मग पायधुनी)

भुलेश्वरातून वाट काढत पायधुनी. वरळीची खिंड उघडी होती तेव्हा भरतीचं पाणी आत शिरायचं, थेट इथवर. बेटावरून बेटावर जाणारा माणूस चिखलातून यायचा आणि इथं पाय धुवायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस खिंडीला बांध पडला, समुद्र मागे हटला.

आता समोर दुकानं आहेत, हातगाड्या आहेत. हा हमाल आम्ही बोलावलेला नाही. कॅमेरा लावेपर्यंत त्यानं चप्पल काढली होती.

(निवेदन नाही. नळाचा आवाज, ओले पाय.)