कन्व्हर्टरला भंगाराचं विसण

नमस्कार मंडळी! बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका भंगाराच्या आवारात उभा आहे. हे नांगराचे झिजलेले फाळ, ही पत्र्याची कात्रणं, आणि हा उसाच्या चरकाचा फुटका रोलर.

रोलर बिडाचा. तो इथल्याच एखाद्या फौंड्रीत जाईल. विजेची भट्टी त्याला वितळवेल. पण पोलादी भंगार मोठ्या कारखान्यात गेलं, समजा बळ्ळारीकडं तोरणगल्लूला, तर तिथल्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे कच्च्या लोखंडाचं पोलाद करणाऱ्या मोठ्या भांड्यात, ते वितळवायला ना वीज, ना कोळसा. मग वितळतं कसं?

तिरक्या केलेल्या भांड्यात आधी भंगार पडतं. त्यावर ब्लास्ट फर्नेसचा, म्हणजे खनिजापासून लोखंड काढणाऱ्या भट्टीतला, वितळलेल्या लोखंडाचा रस ओततात, साधारण 1300 अंशांचा. त्यात चार-साडेचार टक्के कार्बन असतो. भांडं सरळ करून वरून नळीनं ऑक्सिजन सोडला की कार्बन, सिलिकॉन जळायला लागतात. त्यांच्याच धगीनं वीसेक मिनिटांत तापमान 1650 च्या आसपास जातं. नुसता रस असता तर त्याच्याही वर गेलं असतं आणि आतल्या विटांची वाट लागली असती. म्हणून भंगार! आंघोळीच्या कढत पाण्यात आपण विसण घालतो की, अगदी तसं. 100 टनांत साधारण 15 ते 25 टन. त्याहून फार झालं की आंघोळ गारढोण.

पण भंगार कोरडं हवं. आपल्याकडचा पाऊस सांगायला नको. पाणी अडकलेला एखादा पाइप आत गेला, तर त्याची क्षणात वाफ होते आणि रस बाहेर उसळतो. माणसं जातात यात.

(जळालेली स्टार्टर मोटर कॅमेऱ्याजवळ धरून) आणि ही खरी डोकेदुखी. वरून लोखंड, पोटात तांब्याची गुंडाळी. ऑक्सिजन आधी लोखंडाला जाळेल, तांब्याला नाही. त्यामुळं तांबं पोलादात शिरलं की तिथंच मुक्काम. पुढं लाटण्यासाठी पोलाद तापवतात, तेव्हा वरचं लोखंड जळून पापुद्रा धरतं आणि तांबं त्याखाली साठतं. 1085 अंशांना ते वितळून पोलादाच्या कणांच्या सांध्यांत झिरपतं. रोलखाली गेलं की चिराच चिरा.

इथला पोरगा छिन्नीनं गुंडाळी सोडवतोय. त्याला हे सगळं सांगितलं. म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे ओ, ह्यात पाव किलो तरी निघतंय काय बघा की!"