चाकवताची ओळख बियांवरून

नमस्कार श्रोतेहो.

चाकवताचं रोप उपटण्याआधी त्याचा शेंडा एकदा बोटांत चोळून पाहा. पिठासारखं काहीतरी हाताला लागेल. ही धूळ नव्हे आणि भुरी रोगही नव्हे. कोवळ्या पानावर पाण्याने भरलेले फुग्यासारखे बारीक केस असतात, ते सुकले की त्यांची अशी भुकटी होते. एका उंच वाढणाऱ्या जातीत याच फुग्यांत रंग उतरतो आणि शेंडा किरमिजी दिसतो. फार देखणं असतं ते!

या गटाचं शास्त्रीय नाव चिनोपोडियम. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ हंसाचा पाय. पानाच्या आकारावरून पडलेलं नाव. पण पानावर विसंबू नका. एकाच रोपाची खालची पानं रुंद, दातेरी असतात आणि वरची अरुंद, जवळजवळ सरळ कडेची. कडक जमिनीतलं रोप तर ओळखूच येत नाही. मी स्वतः कितीदा फसलो आहे.

काही जाती वासावरून कळतात. एकीची पानं चुरगळली की सडक्या मासळीची दुर्गंधी येते. बाकीच्यांसाठी मात्र बी आणि भिंग हवंच. नेहमीच्या चाकवताचं बी काळं, चकचकीत, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं. म्युराले या जातीचं बी मंद काळं आणि त्याच्या कडेला धार. अंजिराच्या पानासारखी पानं असलेल्या जातीच्या बीवर मधाच्या पोळ्यासारखे खळगे. म्युरालेला तर २०१२ साली अभ्यासकांनी वेगळ्या प्रजातीत नेऊन बसवलं.

आणखी एक गंमत पाहा. चाकवताच्या एकाच रोपावर दोन तऱ्हेचं बी धरतं. थोडं तपकिरी, पातळ सालीचं, लगेच रुजणारं. बाकीचं काळं, जाड सालीचं, मातीत वर्षानुवर्षं पडून राहणारं. आज खुरपून काढलंत तरी पुढच्या नांगरटीला तेच रोप पुन्हा डोकं वर काढतं, ते या काळ्या बियांच्या जोरावर.

ही साल किती टिकते? १९५० साली डेन्मार्कमधल्या टोलुंडच्या दलदलीत दोन हजार वर्षांपेक्षा जुना एक मानवी देह सापडला. त्याच्या पोटात शेवटच्या जेवणाचे अवशेष होते. जव होते, जवस होते, आणि त्यांत चाकवताच्या बियाही होत्या, अजून ओळखू येतील अशा.