कागद कोणाला हवा होता?

मित्रहो, आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत आता अमेरिकन सुना आणि जावई आहेत. नातवंडं शाळेतून वंशवृक्षाचा तक्ता घेऊन येतात. आपल्या बाजूची माहिती आपण पणजोबांपर्यंत सांगतो. दुसऱ्या बाजूबद्दल सूनबाई म्हणते, "आमचे लोक अमेरिकन क्रांतीच्या आधीपासून व्हर्जिनियात होते, असं आजी सांगायची." त्यापुढे तिलाही काही ठाऊक नसतं. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या बाजूबद्दल. तीही आपल्याच नातवंडांची बाजू आहे, आणि तिचा शोध घरी बसून घेता येतो.

बहुतेक जण जनगणनेपासून सुरुवात करतात. मागे मागे जात १८५०पर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि तिथे एकदम वाट खुंटते. कारण घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं ते १८५० साली. १७९०पासूनच्या आधीच्या सहा जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, बाकीची माणसं म्हणजे नुसते आकडे. १७९०मध्ये गोऱ्या पुरुषांचे सोळा वर्षांवरचे आणि सोळाखालचे असे दोन गट केले होते. गोऱ्या स्त्रियांचा मात्र एकच गट. त्यांचं वय कोणी विचारलंच नाही. सरकारला प्रतिनिधीगृहातल्या जागा वाटायच्या होत्या, आणि लढायला, राबायला किती पुरुष हाताशी आहेत ते बघायचं होतं. बायकांच्या वयाशी त्याचा संबंध नव्हता.

माझं सगळं सांगणं या एका उदाहरणात आलं. जुना कागद समोर आला की त्यात आपला पूर्वज शोधायची घाई करू नका. हा कागद कोणाला हवा होता आणि कशासाठी, हे आधी विचारा. मग त्यात कोणाचं नाव असेल, कोणाचं नसेल आणि नसलेलं नाव कुठे शोधायचं, हे कळायला लागतं.

न्यू इंग्लंडचे, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांचे लोक या बाबतीत नशीबवान. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३९पासून जन्म, लग्न आणि मृत्यू नोंदवण्याचा कायदा होता, आणि गावोगावच्या त्या नोंदी पुढे छापल्याही गेल्या. व्हर्जिनियात असं काही नाही. तिथे जन्म-लग्नं चर्चच्या रजिस्टरात, आणि त्यातली पुष्कळ रजिस्टरं हरवलेली. त्यात भर म्हणजे, यादवी युद्धात काही काउंट्यांनी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली आणि एप्रिल १८६५मध्ये रिचमंडच जळालं.

पण व्हर्जिनियात जमीन होती, आणि जमीन म्हटली की कागद आलाच. १६१८पासून तिथे नियम होता की जो दुसऱ्याच्या प्रवासाचा खर्च करून माणूस वसाहतीत आणेल, त्याला माणशी पन्नास एकर जमीन मिळेल. त्यामुळे जमिनीच्या सनदांमध्ये आणलेल्या माणसांची नावं उतरली. १६३५च्या अशाच एका यादीत जॉर्ज मेनेफी या बड्या व्यापाऱ्यानं आणलेल्या माणसांत एक नाव आहे: टोनी, ईस्ट इंडियन, म्हणजे भारताकडचा. इंग्रज वसाहतकऱ्यांना मॅसॅच्युसेट्सला आणणाऱ्या मेफ्लॉवर जहाजाला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झालेली, आणि इकडे आपल्या बाजूचा एक माणूस व्हर्जिनियाच्या कागदावर आलाय. कोणत्या बंदरातून निघाला, मागे कोण होतं, यातलं काही त्या यादीत नाही, कारण मेनेफीला हवे होते ते एकर. तरीही ते नाव वाचताना माझा जीव गलबलतो. एक सावधगिरी मात्र ठेवा. हे हक्क विकले जात, एकच नाव दोनदोनदा वापरलं जाई. सनदेची तारीख म्हणजे माणूस उतरल्याची तारीख नव्हे.

खरेदीखतांकडे नवशिके लोक वळत नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तिथल्या जमिनीच्या हद्दी झाडांनी, ओढ्यांनी आणि शेजाऱ्यांच्या नावांनी सांगितलेल्या असतात: अमक्याच्या कोपऱ्यावरच्या ओकपासून ओढ्याकाठानं तमक्याच्या बांधापर्यंत. हे शेजारी टिपून ठेवा. मुलींची लग्नं बहुधा त्याच घरांत व्हायची, आणि पश्चिमेकडे केंटकीला निघाली तरी ही घरं बरोबरच निघायची. नवऱ्याच्या जमिनीतल्या एक तृतीयांश भागावर विधवेचा हयातभर हक्क असे. म्हणून जमीन विकताना बायकोला बाजूला घेऊन तिची संमती विचारत आणि नोंदवत. कित्येक स्त्रियांचं पाळण्यातलं नाव आपल्याला सापडतं ते एवढ्या एका नोंदीत. आणि बापानं घेतलेली जमीन, विकल्याचा कागद नसताना, पुढे दुसराच कोणी विकत असेल तर नीट बघा. मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जायची, १७८०च्या दशकात कायदा बदलेपर्यंत. त्यामुळे बाप-लेकाचं नातं कुठेच लिहिलेलं नसलं तरी जमिनीच्या हिशेबातून ते सिद्ध होतं.

आता मला सर्वांत प्रिय असलेले कागद. क्रांतियुद्धातल्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांना १८१८च्या आणि १८३२च्या कायद्यांनी पेन्शन मिळाली, आणि १८३६पासून त्यांच्या विधवांसाठीही मोठी सोय झाली. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे. दाखला कुठून आणणार? मग या म्हाताऱ्या बायका कोर्टात उभं राहून शपथेवर सांगत की लग्न कुठल्या साली झालं, कोणी लावलं, कोण हजर होतं, नवरा कुठल्या पलटणीत गेला. काहींनी घरच्या बायबलमधलं मुलाबाळांच्या जन्मतारखांचं पानच फाडून अर्जाला जोडलं. ती पानं आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आयुष्यभर नवऱ्याच्या नावाखाली झाकलेली बाई इथे स्वतःच्या तोंडानं बोलते. तुमच्या सुनेच्या घराण्यात असा सैनिक निघाला, तर ती फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा.

तारखांबद्दल थोडक्यात. १७५२पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्या वर्षी कॅलेंडर बदललं आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या गणनेनं ११ फेब्रुवारी १७३१चा, नव्यानं २२ फेब्रुवारी १७३२चा. म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखा आधी जशाच्या तशा उतरवून घ्या. आणि छापील वंशावळ दिसली की हुरळून जाऊ नका. गुस्ताव आंजू नावाच्या माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैसे घेऊन श्रीमंत घराण्यांना बनावट वंशावळी करून दिल्या. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत त्या आजही उतरवल्या जातात.

शेवटी जे बोलायचंय ते जड आहे. तुमची सून किंवा जावई आफ्रिकन-अमेरिकन असेल, तर वाट बहुधा १८७०लाच अडते. दक्षिणेत गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती त्या वर्षी. १८५० आणि १८६०च्या जनगणनांतल्या गुलामांच्या वेगळ्या याद्यांत मालकाचं नाव आहे आणि खाली बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग, रंग. त्यामागे जायचं तर मालकाचं घराणं शोधावं लागतं. त्याच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत, घोडे आणि गाद्या-पलंगांच्या मधोमध माणसांची नावं सापडतात, पुढे किंमत लिहिलेली. व्हर्जिनियात १६६२च्या कायद्यानं मूल आईच्या दर्जाचं ठरवलं, म्हणून मूल कोणाचं ते सांगताना नाव येतं आईचं. वारसांत वाटणी झाली की आई एका मुलाच्या वाट्याला आणि तिची लेकरं दुसऱ्याच्या. हे वाचवत नाही, पण वाचल्याशिवाय त्या आईचं नाव मिळत नाही.

आणि सून मालकांच्या घराण्यातली असेल, तर हेच कागद तुमच्या हाती येतील. त्यातलं प्रत्येक नाव वेगळं उतरवा, आणि ते घराणं शोधणाऱ्यांना सापडेल अशा जागी ठेवा. आतापर्यंत सूचीत बहुधा मृत्युपत्र करणाऱ्याचं नाव असायचं, आतल्या माणसांची नावं पानांतच राहायची. फॅमिलीसर्च या वंशावळ शोधण्याच्या संकेतस्थळानं २०२४मध्ये हस्तलिखित खतं आणि मृत्युपत्रांचा पूर्ण मजकूर शोधण्याची सोय आणली. खातं फुकट आहे. यंत्राचं वाचन चुकतं, म्हणून मूळ पानाचं चित्र उघडून पाहाच. घरी गेलात की सुनेला शेजारी बसवा, आणि पहिला शोध तिच्या आडनावाबरोबर तिच्या घराण्याच्या काउंटीतल्या एखाद्या शेजाऱ्याच्या आडनावाचा करा.